वलांडीचा वारसा

मिरा-भाईंदरच्या वारशाविषयी लिहिणारे बहुतेक जण चौकच्या धारावी किल्ल्यापाशी सुरू करतात आणि तिथेच थांबतात. वसई मोहिमेत १७३९ साली मराठ्यांनी हा किल्ला घेतला. चिमाजी अप्पांचे स्मारक तिथे झाले, ते उचितच. पण त्याच डोंगराखाली उत्तन, पाली, चौकचे कोळी पिढ्यान्‌पिढ्या जे करत आले, त्याला या लेखनात ‘कोळ्यांची वस्ती’ एवढ्या दोन शब्दांपलीकडे जागा मिळत नाही. माझा आक्षेप इथे आहे.

मासेमारीचा वारसा जगात कसा जपतात, हे पाहू. कॅनडातल्या स्टीव्हस्टन इथे १८९४ साली बांधलेला सामन मासे डबाबंद करण्याचा कारखाना आज राष्ट्रीय वारसास्थळ आहे. अमेरिकेतल्या मॉन्टेरे इथला हॉवडन कारखाना १९७३ साली बंद पडला आणि १९८४ मध्ये त्याच जागी मत्स्यालय उघडले. दोन्हीकडे धंदा संपला, तरी दाखवायला काही उरले.

उत्तनला तसे काही उरणार नाही. इथला मुख्य मासा बोंबील. त्याच्या अंगात पाणीच फार, मांस लिबलिबीत. काही तासांत तो उतरतो. तो टिकवण्याचा कोळ्यांचा कारखाना म्हणजे ऊन, वारा आणि बांबूची वलांडी. भरती-ओहोटीच्या ओढीत उभ्या केलेल्या डोल जाळ्यातून बोंबील येतो. बाया दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी दोरीवर टाकतात. ना खिळा, ना सुतळी. माशाचे दातच आकड्याचे काम करतात. मी किनाऱ्यावर उभा राहून हे हात पाहिले आहेत. बोलणे चालू असते आणि नजर जाळ्यावरही नसते. ही विद्या कुठल्या शिलालेखात नाही, म्हणून ती आमच्या इतिहासातही नाही.

वलांडीला भिंत नसते. पावसाळ्यात ती उतरवली, की मागे नुसती मोकळी जमीन दिसते, आणि मोकळ्या जमिनीला शहरात गिऱ्हाईक लगेच मिळते. विशेष म्हणजे कायद्याची नजर आमच्या संशोधकांपेक्षा तीक्ष्ण निघाली. २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेत कोळीवाडे, धक्के, बर्फाचे कारखाने यांच्या जोडीने मासळी सुकवण्याच्या जागाही नकाशावर दाखवाव्यात असे सांगितले आहे.

तेव्हा स्थानिक इतिहासकारांनी किल्ल्याचे बुरूज मोजावेत, जरूर मोजावेत. पण त्याच वहीत प्रत्येक गावाच्या वलांड्या कुठे, किती आणि कोणाच्या वहिवाटीत, हेही नोंदवावे. म्हाताऱ्या कोळणींना विचारून जागांची नावे लिहून घ्यावीत. पडका बुरूज पुन्हा बांधता येतो. सुकवणीची जागा एकदा गेली, तर तिचे संग्रहालयसुद्धा करता येणार नाही.