लघुचित्रफीत आणि संगणनाची संकल्पना

संगणनाच्या मूलभूत कल्पनांचा परिचय ही आता केवळ विज्ञानशाखेची गरज राहिलेली नाही. भाषेच्या अभ्यासकाला शब्दसूची, इतिहासाच्या अभ्यासकाला दप्तरातील नोंदी आणि समाजशास्त्राच्या अभ्यासकाला जनगणनेचे तक्ते संगणकाच्या साहाय्याने हाताळावे लागतात. अशा वेळी, ज्या अध्यापकास संगणनाचे स्वतंत्र शिक्षण मिळालेले नाही, त्याला व्याख्यानात पाच-सहा मिनिटांची चित्रफीत दाखविणे हा सोयीचा मार्ग वाटतो. ही सोय नाकारण्याचे कारण नाही. मात्र अशा चित्रफितीने नेमके काय शिकविले जाते, आणि काय शिकविल्याचा केवळ भास होतो, याची चिकित्सा अवश्य व्हावयास हवी. त्यासाठी क्रमवारी लावण्याची, म्हणजे ‘सॉर्टिंग’ची, एकच संकल्पना उदाहरणादाखल घेणे पुरेसे आहे.

या विषयावरील चित्रपटांची परंपरा जुनी आहे. टोरांटो विद्यापीठात रोनाल्ड बेकर यांनी १९८१ साली ‘सॉर्टिंग आउट सॉर्टिंग’ हा सुमारे अर्ध्या तासाचा चित्रपट सिद्ध केला. त्यात क्रमवारी लावण्याच्या नऊ पद्धती प्रत्येकी तीनच्या गटांनी मांडल्या असून अखेरीस सर्व पद्धतींची एकत्र शर्यत लावली आहे. पुढे २०११ साली रुमानियातील तर्गु मुरेश येथील सापिएन्शिया विद्यापीठात ‘अल्गोरिदमिक्स’ ही लघुचित्रफितींची माला तयार झाली. हंगेरियन, रुमानियन, सॅक्सन अशा त्या प्रदेशातील लोकनृत्यांचा तीत उपयोग केला आहे. छातीवर अंक लावलेले नर्तक जोडीजोडीने पुढे येतात, परस्परांची तुलना करतात आणि क्रम चुकला असेल तर जागा बदलतात.

कलादृष्ट्या दुसरी कृती अधिक आकर्षक आहे, हे निर्विवाद. स्थानिक नृत्यपरंपरा आणि गणिती रीती यांचा असा मेळ विरळाच. संगणकाविषयी मनात धास्ती असलेल्या विद्यार्थ्याची भीती तिने दूर होते. तथापि संकल्पनेच्या दृष्टीने पाहता जुना चित्रपट सरस ठरतो. कारण पद्धतीपद्धतींतील अंतर घटकांची संख्या वाढली की किती विस्तारते, हा सॉर्टिंगचा गाभा त्याच्या अखेरच्या शर्यतीत प्रत्ययास येतो. शेजारच्या दोन घटकांची पुनःपुन्हा तुलना करणाऱ्या ‘बबल सॉर्ट’ पद्धतीला दहा घटकांसाठी अधिकात अधिक ४५ तुलना पुरतात, शंभरांसाठी ४,९५० लागतात, तर एक लाख शब्दांच्या कोशासाठी हीच संख्या सुमारे ५०० कोटींवर जाते. ‘मर्ज सॉर्ट’ पद्धतीने तेच काम १७ लाखांच्या आत होते. मोजक्या नर्तकांच्या नृत्यात हे अंतर दिसू शकत नाही. तेथे दोन्ही पद्धती सारख्याच डौलदार भासतात.

याहून गंभीर उणीव दोन्ही कृतींत समान आहे. दोहोंतही घटकांच्या लहानमोठेपणाविषयी वाद संभवत नाही. तीन हा पाचापेक्षा लहान, हे कोणीही मान्य करील. परंतु मराठी शब्दांच्या बाबतीत ‘आधी कोण’ हाच मूळ प्रश्न असतो. ‘कल’, ‘कळ’ आणि ‘कवडी’ हे शब्द घ्यावेत. युनिकोडच्या संकेतांकांत ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच नंतर येतो, म्हणून केवळ संकेतांक ताडणारा संगणक ‘कल, कळ, कवडी’ असा क्रम लावतो. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येत असल्याने क्रम ‘कल, कवडी, कळ’ असा हवा. ‘क्ष’ तर संगणकाच्या लेखी ‘क’ आणि ‘ष’ यांचा संयोग होय. त्यामुळे ‘क्षमा’ ही ‘खडक’च्या आधी येते. येथे यंत्राची चूक नाही. तुलनेचा निकष माणसाने ठरवून द्यावयाचा राहिला आहे. भाषेच्या विद्यार्थ्याला संगणनातून शिकावयाचे ते हेच, आणि चित्रफीत नेमके तेच गृहीत धरून पुढे जाते.

चित्रफीत लहान असली की विद्यार्थी ती अधिक लक्षपूर्वक पाहतात, असे या माध्यमाच्या समर्थनार्थ सांगितले जाते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या, एडएक्सच्या अभ्यासक्रमांतील सुमारे ६९ लाख प्रेक्षणसत्रांच्या पाहणीत लहान चित्रफितींकडेच अधिक ओढा असल्याचे आढळले. परंतु पाहणे म्हणजे समजणे नव्हे. हंडहाउसेन, डग्लस आणि स्टॅस्को यांनी २००२ साली २४ प्रयोगांचा परामर्श घेऊन जो निष्कर्ष काढला, तो येथे निर्णायक मानावा लागतो: चित्रात काय दाखविले आहे यापेक्षा विद्यार्थी त्या चित्राशी काय करतो, याला अधिक महत्त्व आहे. मुंबईच्या आय. आय. टी.तील ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमात, ज्यातील पाठ मराठीतही उपलब्ध आहेत, पाठ पाहता पाहता तीच कृती विद्यार्थ्याने आपल्या संगणकावर करावयाची असते. निष्क्रियतेवर हा उत्तम उपाय होय. मात्र त्या पाठांचा रोख मुख्यतः विशिष्ट प्रणाली वापरण्याच्या कौशल्यावर आहे, संकल्पनेवर नव्हे.

तेव्हा अध्यापकाने चित्रफितीला व्याख्यानात अवतरणाचे स्थान द्यावे. अवतरण थोडके असते, ते प्रसंगी थांबवून तपासले जाते आणि त्याच्याशी वादही घातला जातो. नर्तक जागा बदलण्यापूर्वी चित्र थांबवून ‘आता काय होईल, आणि का?’ हे विचारावे. नंतर दहा मराठी शब्दांच्या चिठ्ठ्या वर्गात वाटून त्यांचा क्रम लावावयास सांगावे, आणि झालेल्या तुलना मोजाव्यात. ‘कळ’ आधी की ‘कवडी’, यावर जेव्हा वर्गात मतभेद होईल, तेव्हाच संगणनाच्या अभ्यासाला खरा आरंभ झाला असे समजावे.