हा गुणांक कोणाचा?

थुंकीच्या नमुन्यावरून हृदयविकाराचा 'जनुकीय धोका' सांगणारा अहवाल तुमच्या हाती आला, तर आधी विचारा, हे गणित कुणाच्या जनुकांवर बेतलंय? २०१८ साली 'डायबिटीस केअर'मध्ये आलेला अ‍ॅकॉर्ड चाचणीवरचा अभ्यास नेटका आहे. २०४ जनुकीय खुणांची बेरीज धरली आणि टाइप टू मधुमेहींबद्दलचा अंदाज थोडा सुधारला. पण तपासलेली माणसं सगळी गोरी. ओमानी नाहीत, आपणही नाही.

पुण्याच्या केईएममधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा 'लॅन्सेट'मधला २००४चा फोटो आठवा. शेजारी लंडनचे जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय २२.३, चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. साध्या वजन-उंचीच्या मापाने आपल्याला असं चकवलं, तिथे २०४ खुणांच्या बेरजेवर डोळे मिटून विसंबायचं?

ओमानची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. नात्यातली लग्नं भरपूर, झांझिबार आणि बलुचिस्तानशी जुनी सोयरीक. एकच 'अरबी' गुणांक काढूनही भागायचं नाही. इथल्या माणसांवर पारखलेला गुणांक येईपर्यंत मस्कतच्या डॉक्टरांचा जुना प्रश्नच मला जास्त कामाचा वाटतो: "वडिलांना अटॅक कितव्या वर्षी आला?" त्याचे पैसेही पडत नाहीत.