फुंकरीचे वाद्य

वाद्य जगते ते कशाच्या बळावर? 'ओकारिना' या मोबाइलमधल्या वाद्याची कथा आठवली की हा प्रश्न मनात उभा राहतो. २००८ साली अमेरिकेतील 'स्म्यूल' या कंपनीने ते काढले. फोनच्या ध्वनिग्राहकात फुंकर घालायची आणि पडद्यावरची चार छिद्रे बोटांनी झाकायची, की सूर निघे. फोन कलता केला की सुराला कंप येई. पृथ्वीचा गोल उघडून परदेशातल्या अनोळखी माणसाचे वादनही ऐकता येई. कल्पना खरोखर कविमनाची होती आणि लोक तिच्यावर लुब्धही झाले. परंतु बहर ओसरला. २०१२ साली त्याच कंपनीने तयार साथीवर गाण्याची सोय काढली. पुढे तिचा सारा ओढा तिकडेच राहिला.

याउलट आपली पेटी पाहा. १९४० साली रेडिओने तिला दार बंद केले. ते किलकिले व्हायला १९७१ साल उजाडले. तरी आमच्या वाटूरसारख्या गावांतल्या भजनांतून ती हलली नाही. भाता फाटला तर तो सांधता येतो, आणि बोट चुकले तर शेजारचा टाळकरी मान वर करून पाहतो. ओकारिनाला ऐकणारे पुष्कळ होते, 'चुकलास' म्हणणारा नव्हता. तिचे उणेपण मला यंत्रात दिसत नाही, या एकटेपणात दिसते. आज माझ्या वर्गातल्या मुलांच्याही हाती फोन आहे. त्यावर ती सूर काढतील, हे चांगलेच. पण संध्याकाळी त्यांना भजनात कोणी शेजारी बसवून घेतले पाहिजे.