लिनक्स कर्नलमधील सेटिंग्ज आणि प्रोसेस-विलगीकरण : एक चिकित्सक अभ्यास

सारांश :
लिनक्स कर्नलमध्ये प्रोसेसना परस्परांपासून वेगळे ठेवणारी नेमस्पेस ही यंत्रणा २००२ पासून टप्प्याटप्प्याने घडत गेली. कर्नलची सेटिंग्ज मात्र त्याआधीची असून, संपूर्ण यंत्र एकाच मालकाचे आहे या गृहीतकावर ती उभी आहेत. या दोन रचनांमधील विसंगती प्रस्तुत लेखात प्रामुख्याने 'कोअर_पॅटर्न' या एका सेटिंगच्या आधारे तपासली आहे. सेटिंगचा अंमल कोठपर्यंत चालतो, हे त्याच्या रचनेतच स्पष्ट झाले पाहिजे, असे येथील प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : कर्नल, सिसकंट्रोल, नेमस्पेस, सीग्रुप, कंटेनर.

प्रस्तावना :
कर्नल हा ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा होय. स्मृती, प्रोसेसर, डिस्क व नेटवर्क यांची चालू प्रोग्रॅममध्ये वाटणी करणे हे त्याचे प्रमुख कार्य. चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमला, म्हणजेच प्रोसेसला, दुसऱ्या प्रोसेसच्या स्मृतीला हात लावू द्यायचा नाही, हे विलगीकरणाचे पारंपरिक सूत्र आहे. पदवी स्तरावर हा विषय आभासी स्मृतीच्या प्रकरणात येतो आणि बहुधा तेथेच संपतो.

गेल्या दोन दशकांत मात्र 'विलगीकरण' या संज्ञेची व्याप्ती वाढली आहे. परस्परांना अनोळखी असलेल्या संस्थांची कामे आज एकाच कर्नलवर 'कंटेनर' नावाच्या कप्प्यांत चालतात. हे कप्पे किती भक्कम आहेत, हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. कोणाची माहिती कोणाच्या हाती पडू शकते, हे त्यावर ठरते. या प्रश्नाचे उत्तर शोधताना कर्नलच्या सेटिंग्जकडे सहसा कोणी पाहत नाही. प्रस्तुत लेखाचा रोख त्याच जागेकडे आहे.

१. सेटिंग्जची रचना :
यंत्र बंद न करता कर्नलचे वर्तन बदलता यावे, यासाठी सिसकंट्रोल ही सोय आहे. तिचा उगम १९९३ च्या ४.४ बीएसडी या प्रणालीत झाला व पुढे लिनक्सने ती स्वीकारली. लिनक्समध्ये ही सेटिंग्ज '/प्रॉक/सिस' या निर्देशिकेत फायलींच्या रूपाने दिसतात. फाईल वाचली की चालू मूल्य कळते. तीत नवे मूल्य लिहिले की कर्नल त्याप्रमाणे वागू लागते. ही रचना इतकी सुटसुटीत ठरली की त्याच कामासाठी असलेला जुना सिस्टिम कॉल २०२० च्या ५.५ या आवृत्तीतून काढून टाकण्यात आला.

या सुटसुटीतपणात एक गृहीतक दडलेले आहे. यंत्राला एकच प्रशासक आहे आणि सेटिंग म्हणजे त्याचा संपूर्ण यंत्राविषयीचा निर्णय, असे ते गृहीतक होय. म्हणूनच यांतील बहुतेक फायलींत लिहिताना कर्नल मुख्यतः एकच गोष्ट तपासते : लिहिणाऱ्याचा वापरकर्ता-क्रमांक शून्य आहे किंवा नाही. एकाच यंत्रावर अनेक 'शून्य क्रमांकाचे' प्रशासक नांदतील, ही कल्पना त्या काळी समोर नव्हती.

२. नेमस्पेसची जडणघडण :
प्रोसेसला फायलींचा मर्यादित भागच दिसावा, हा विचार जुना आहे. युनिक्सच्या १९७९ मधील सातव्या आवृत्तीत त्यासाठी 'सीएचरूट' ही सोय होती. लिनक्सने २००२ मध्ये २.४.१९ या आवृत्तीत माउंट नेमस्पेस आणली. त्या वेळी आणखी कोणत्या नेमस्पेस येतील हे गृहीत नव्हते. त्यामुळे तिच्या संकेतनामात 'माउंट' हा शब्दच नाही, केवळ 'नवी नेमस्पेस' एवढाच अर्थ आहे. पुढे २००६ मध्ये यंत्रनाम आणि प्रोसेसमधील संदेशवहन, २००८ मध्ये प्रोसेस-क्रमांक, २०१३ मध्ये ३.८ या आवृत्तीत पूर्णत्वास गेलेली वापरकर्ता नेमस्पेस, २०१६ मध्ये सीग्रुप आणि २०२० मध्ये काळ, अशा विभागण्या येत गेल्या. नेटवर्कची विभागणीही याच काळात आवृत्तीमागून आवृत्ती पूर्ण होत गेली.

या क्रमावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. लिनक्स कर्नलला 'कंटेनर' नावाची वस्तू ठाऊकच नाही. त्याला वेगवेगळ्या विभागण्या तेवढ्या ठाऊक आहेत आणि त्यांची मोळी बांधून कंटेनर उभा करण्याचे काम डॉकरसारखी बाहेरची साधने करतात. जुन्या वाड्यात बिऱ्हाडे वेगळी असत, प्रत्येकाच्या दाराला स्वतंत्र कुलूप असे. परंतु नळाची मुख्य चावी चौकातच राही. जी गोष्ट कोणत्याही नेमस्पेसच्या वाट्याला आली नाही, ती अशीच चौकात राहिली.

सेटिंग्जच्या बाबतीत हे स्पष्ट दिसते. '/प्रॉक/सिस/कर्नल' या एकाच निर्देशिकेत 'हॉस्टनेम' आणि 'कोअर_पॅटर्न' या फायली शेजारी नांदतात. पहिलीचे मूल्य प्रत्येक कप्प्यात वेगळे असू शकते. दुसरीचे मूल्य संपूर्ण यंत्रासाठी एकच असते. दोन्हींचे रूप सारखे, परवानग्या सारख्या, वाचण्या-लिहिण्याची रीतही सारखी. अंमलाचा फरक ना नावातून कळतो, ना स्थानातून. माझ्या मते हा या रचनेतील मूलभूत दोष आहे.

३. 'कोअर_पॅटर्न' : एक उदाहरण
एखादी प्रोसेस कोसळली की तिच्या स्मृतीची प्रत, म्हणजे कोअर डंप, कोठे ठेवायची हे 'कोअर_पॅटर्न' हे सेटिंग सांगते. २००६ च्या २.६.१९ या आवृत्तीपासून त्यात आणखी एक सोय आली. मूल्याच्या आरंभी उभी रेघ दिली, की कर्नल ती प्रत पुढे लिहिलेल्या प्रोग्रॅमच्या हाती सोपवते. हा प्रोग्रॅम सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या नावे चालतो आणि कोसळलेल्या प्रोसेसच्या नेमस्पेसमध्ये न चालता यंत्राच्या मूळ नेमस्पेसमध्ये चालतो. म्हणजेच ज्याला या फाईलमध्ये एक ओळ लिहिता आली, त्याला केवळ एक प्रोसेस कोसळवून संपूर्ण यंत्राचा ताबा घेता येतो.

हा धोका केवळ तात्त्विक राहिला नाही. मार्च २०२२ मध्ये क्राय-ओ या कंटेनर चालवणाऱ्या साधनातील सीव्हीई-२०२२-०८११ हा दोष उघड झाला. कुबरनेटिस ही कंटेनरांची व्यवस्था पाहणारी प्रणाली सेटिंग्जचे 'सुरक्षित' आणि 'असुरक्षित' असे दोन वर्ग करते. ज्याचा परिणाम आपल्या कप्प्याबाहेर जात नाही, ते सुरक्षित. क्राय-ओचे एक सहायक साधन अनेक सेटिंग्ज अधिक चिन्हाने जोडून स्वीकारत असे, परंतु मूल्याच्या आतच अधिक चिन्ह आले आहे का, हे तपासत नसे. त्यामुळे सुरक्षित गणलेल्या सेटिंगच्या मूल्याला 'कोअर_पॅटर्न' जोडून देणे शक्य झाले आणि कप्प्याची भिंत निरुपयोगी ठरली.

हा दोष कर्नलचा नव्हता, साधनाचा होता, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि, समीक्षेचा प्रश्न याच्या पुढचा आहे. सुरक्षित व असुरक्षित ही यादी बाहेरच्या साधनांना हाताने का राखावी लागते? कर्नलने स्वतः अंमलाची मर्यादा स्पष्ट केली असती, तर मूल्यातील एका चिन्हाच्या चुकीची किंमत इतकी मोठी झाली नसती. सामान्यतः कंटेनरात '/प्रॉक/सिस' केवळ वाचण्यापुरती ठेवली जाते. ही खबरदारी योग्यच आहे; पण तीही बाहेरून घातलेली कडी आहे, आतली रचना नव्हे.

४. तुलना :
फ्रीबीएसडीने २००० मध्ये ४.० या आवृत्तीत 'जेल' ही संकल्पना कर्नलमधील एक वस्तू म्हणून आणली. तेथेही आरंभी जेलविषयक परवानग्या सिसकंट्रोलमधूनच दिल्या जात आणि त्या सर्व जेलना एकत्रित लागू होत. २००९ च्या ८.० या आवृत्तीपासून या परवानग्या प्रत्येक जेलच्या स्वतंत्र गुणधर्मात गेल्या. मूळ वस्तू निश्चित असल्यामुळे सेटिंग कोणाच्या नावे लावायचे, या प्रश्नाला तेथे उत्तर होते.

लिनक्समध्येही याहून चांगला आदर्श उपलब्ध आहे. तो म्हणजे २०१६ च्या ४.५ या आवृत्तीत अधिकृत झालेली सीग्रुपची दुसरी पिढी. येथे प्रोसेसचे गट एकाच वृक्षात मांडलेले असतात आणि 'मेमरी.मॅक्स' किंवा 'पिड्स.मॅक्स' ही फाईल ज्या फांदीवर आहे, त्या फांदीपुरताच तिचा अंमल चालतो. वरच्या फांदीची मर्यादा खालच्या फांदीला ओलांडता येत नाही. फाईलचे स्थान हेच तिच्या अंमलाचे विधान ठरते. पहिल्या पिढीतील 'रिलीज_एजंट' या फाईलमध्ये 'कोअर_पॅटर्न'सारखीच घडण होती; गट रिकामा झाला की कर्नल तीत लिहिलेला प्रोग्रॅम सर्वाधिकारासह चालवत असे. लिहिणाऱ्याच्या अधिकाराच्या अपुऱ्या तपासणीमुळे तीतही २०२२ मध्ये सीव्हीई-२०२२-०४९२ हा दोष निघाला. दुसऱ्या पिढीत ही फाईलच नाही.

५. आक्षेप व त्यांचा विचार :
सर्वच सेटिंग्ज विभागता येणार नाहीत, हा आक्षेप रास्त आहे. भौतिक स्मृती एकच असल्यामुळे तिच्या एकंदर वापराचे काही निर्णय संपूर्ण यंत्रापुरतेच असणार. शिवाय, प्रत्येक विभागणी कर्नलच्या गुंतागुंतीत भर घालते. येथील अपेक्षा एवढीच की, जे विभागलेले नाही ते तसे दिसावे. विभागणी मुळातच अशक्य असते असेही नाही. 'पिड_मॅक्स' ही प्रोसेस-क्रमांकांची कमाल मर्यादा दीर्घकाळ यंत्रव्यापी होती. २०२५ च्या ६.१४ या आवृत्तीत ती नेमस्पेसनिहाय करण्यात आली. प्रोसेस-क्रमांकांच्या विभागणीनंतर तिच्याच कमाल मर्यादेच्या विभागणीस सतरा वर्षे लागावीत, ही बाब बोलकी आहे.

दुसरा आक्षेप असा, की वापरकर्ता नेमस्पेसने हा प्रश्न सोडवला आहे. या नेमस्पेसमुळे कप्प्यातील शून्य क्रमांक बाहेर सामान्य क्रमांक ठरतो व यंत्रव्यापी सेटिंग त्याच्या हाती लागत नाही. हा उपाय मोलाचा आहे. परंतु डॉकरच्या मूळ मांडणीत तो चालू नसतो. दुसरीकडे, सामान्य वापरकर्त्याला ही नेमस्पेस निर्माण करू दिल्याने कर्नलचे पूर्वी त्याच्या आवाक्याबाहेर असलेले भाग उघडे पडतात. जानेवारी २०२२ मधील सीव्हीई-२०२२-०१८५ या दोषाचा गैरवापर याच वाटेने शक्य झाला. परिणामी ही भिंत उभी करू द्यावी की नाही, हाच आता सेटिंगचा विषय झाला आहे. डेबियनने त्यासाठी स्वतःचे एक सेटिंग ठेवले, मूळ कर्नलने २०१६ मध्ये संख्येची मर्यादा घालणारे दुसरे दिले आणि उबुंटूने २४.०४ या आवृत्तीत अ‍ॅपआर्मरच्या आधाराने तिसरे निर्बंध मूळ मांडणीतच चालू केले. एकाच प्रश्नाला तीन ठिकाणी तीन उत्तरे मिळावीत, यावरून मूळ रचनेतील संदिग्धता किती खोल आहे हे कळते.

निष्कर्ष :
१. लिनक्समधील विलगीकरण ही एकसंध भिंत नसून स्वतंत्र विभागण्यांची बेरीज आहे. म्हणून तिची ताकद सर्वांत दुर्लक्षित सेटिंगइतकीच राहते.
२. नवे सेटिंग कर्नलमध्ये घेताना त्याचा अंमल यंत्रापुरता, नेमस्पेसपुरता की गटापुरता, हे नावातून किंवा स्थानातून व्यक्त झाले पाहिजे. सीग्रुपच्या दुसऱ्या पिढीने हे शक्य असल्याचे दाखवले आहे.
३. कर्नलने सर्वाधिकारासह प्रोग्रॅम चालवावा असे सांगणाऱ्या सेटिंग्जची तपासणी केवळ वापरकर्ता-क्रमांकावर सोडणे योग्य नाही.
४. अध्यापनात विलगीकरण व सेटिंग्ज हे विषय एकत्र आणणे गरजेचे आहे. विद्यार्थ्याने कंटेनरच्या आतून आणि बाहेरून '/प्रॉक/सिस/कर्नल'मधील मूल्ये वाचून कोणती वेगळी दिसतात व कोणती सारखीच राहतात याची यादी केली, तर एका तासिकेत त्याला भिंत कोठे संपते हे स्वतः पाहता येईल. महाविद्यालयाचा सर्व्हर उद्या ज्याच्या हाती सोपवायचा आहे, त्याला एवढे ठाऊक असणे आवश्यक आहे.