‘विराम’ या संज्ञेतील ऊब

नाट्यगृहांतील डिमर-रॅकच्या इंग्रजी माहितीपत्रकांत अनेकदा ‘वापराचे तापमान ० ते ४० अंश सेल्सिअस’ असे लिहिलेले आढळते. तापमान कशाचे? हा आकडा भोवतालच्या हवेचा असतो, रॅकच्या अंतर्भागाचा नव्हे. षष्ठी गाळल्याने नेमका हाच भेद हरवतो. ‘विरामावस्था’ ही संज्ञा तर अधिकच फसवी होय. दिवे विझले तरी थायरिस्टर-डिमरचे नियंत्रक मंडल जागेच असते. त्यामुळे रॅक खोलीपेक्षा किंचित उबदार राहणे स्वाभाविक. (जुन्या रोधक-डिमरची धग निराळी, ती दिवे मंद असताना.) अर्थात विरामातील ‘नेहमीचे तापमान’ म्हणजे स्वतंत्र आकडा नसून खोलीच्या हवेशी असलेला फरक होय. तो फरक न सांगणारे पत्रक, छपाई कितीही सुबक असो, धुळीने कोंडलेल्या गाळणीची सूचना तंत्रज्ञापर्यंत पोहोचू देत नाही.