चांगला नागरिक म्हणजे नुसता आज्ञाधारक नागरिक का?

आजचा विषय आहे ख्रिस्ती शिकवण आणि नागरिकत्व. नगर जिल्ह्यात हा विषय नवा नाही. १५ ऑगस्ट किंवा २६ जानेवारी जवळ आली की चर्चमध्ये एक ठरलेला उपदेश होतो. रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय उघडायचा आणि सांगायचं की अधिकाऱ्यांचा मान राखा, कर भरा, मतदान करा, राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करा. यातलं एकही वाक्य चूक नाही. माझी तक्रार एवढीच आहे की हा उपदेश अर्ध्यावर थांबतो, आणि अर्ध्यावर थांबलेला उपदेश माणसाला नागरिक करत नाही, रयत करतो.

आता बघा, हे पत्र लिहिणारा पौल स्वतः कसा वागला? प्रेषितांच्या कृत्यांचा सोळावा अध्याय वाचा. फिलिप्पैमध्ये त्याला आणि सीलाला चौकशी न करता फटके मारले, तुरुंगात टाकलं. सकाळी अधिकाऱ्यांनी निरोप पाठवला, की आता मुकाट्यानं जा. पौल गेला नाही. आम्ही रोमी नागरिक आहोत, चारचौघांत मारलंत, तर आता स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्या, असं त्यानं कळवलं. आणि ते आले! पुढे याच माणसानं थेट कैसराकडे दाद मागितली. म्हणजे ज्यानं अधिकाराचा मान राखायला सांगितलं, त्यानंच अधिकाऱ्याला कायद्याची आठवण करून दिली. तेरावा अध्याय वाचताना हा सोळावा अध्याय शेजारी ठेवायला नको का?

नाण्याची गोष्टही तशीच. कैसराचं कैसराला द्या, एवढंच आपण ऐकतो. पण येशूनं आधी विचारलं होतं की नाण्यावर मुखवटा कोणाचा? नाण्यावर कैसराचा. मग माणसावर कोणाचा? उत्पत्तीचा पहिला अध्याय म्हणतो, देवाचा. म्हणजे कर सरकारचा. माणूस सरकारच्या मालकीचा नाही.

आता आपल्या मातीकडे येऊ. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत झाला आणि पुढचं बरंच आयुष्य नगरमध्ये, अमेरिकन मराठी मिशनच्या कामात गेलं. त्यांच्या देशप्रेमाचा दाखला म्हणून आपण ‘प्रियकर हिंदिस्थान’ ही कविता पुढे करतो. ख्रिस्ती झाला म्हणजे परका झाला, या आरोपाला ते चोख उत्तर होतं. पण शंभर वर्षांनंतरही आपण तेच उत्तर देत बसलोय, याचं मला वाईट वाटतं. निष्ठा सिद्ध करत राहणं हे आरोपीचं काम आहे, नागरिकाचं नव्हे.

माझ्या मते टिळकांची खरी नागरिक-शिकवण त्या कवितेपेक्षा त्यांच्या १९१७ सालच्या निर्णयात आहे. त्यांनी मिशनची पगाराची नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. नाव बघा: दरबार हा शब्द राज्यकारभारातला. परदेशी मिशनच्या पगारावर जगत देशबांधवांशी बरोबरीनं बोलता येत नाही, हे त्यांनी ओळखलं आणि किंमत मोजली. १९१९ साली ते वारले. दरबार फार वाढला नाही. पण प्रश्न बरोबर विचारला होता.

तरी टिळकांवरही थांबून चालणार नाही. जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतली मंडळी बहुतांशी महार आणि मांग समाजातून आली. त्यांच्यापुढचा प्रश्न कवितेचा नव्हता. पाणवठ्याचा होता, शाळेचा होता. जोतीराव फुल्यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली, त्याआधी नगरची मिस फरारबाईंची मुलींची शाळा पाहिली होती. मी तर म्हणेन, नागरिक घडवण्याचं काम अशा शाळांच्या ओसरीवर जास्त झालं, व्यासपीठावर कमी. आणि लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ वाचा. नवरा ख्रिस्ती झाल्यावरही त्यांनी बरीच वर्षं सोवळं सांभाळलं, आणि मग बाप्तिस्म्याच्या आधीच शिवाशीव सोडून दिली. शेजाऱ्याच्या हातचं पाणी पिणं, ही समतेची पहिली इयत्ता. ती त्या स्वयंपाकघरात शिकल्या.

बोलण्याची हिंमत म्हणाल तर पंडिता रमाबाई आहेत. १८९७ साली पुण्यातल्या प्लेगच्या रुग्णालयाचा कारभार वाईट आहे, असं त्यांनी मुंबईच्या एका ख्रिस्ती साप्ताहिकात उघड लिहिलं. राज्यकर्ते ख्रिस्ती होते म्हणून त्या गप्प बसल्या नाहीत.

मग आज काय? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली शीख, १९९० साली बौद्ध त्यात आले. दलित ख्रिस्ती अजून बाहेर आहे. प्रार्थनेची जागा बदलली म्हणून गावानं त्याची जात विसरली, असं कुणी छातीवर हात ठेवून सांगेल का? इथे पौलासारखं, कायद्याच्या भाषेत, दाद मागणं हे ख्रिस्ती कर्तव्यच आहे. पण एक अट आहे. लग्न जमवताना, मंडळीतली पदं वाटताना आपण जात बघत असू, तर सरकारपुढे कोणत्या तोंडानं उभं राहायचं?

यिर्मयानं बाबेलात नेलेल्या लोकांना लिहिलं होतं, की त्या नगराचं हित पाहा, त्यातच तुमचं हित आहे. परक्या नगराबद्दल ते सांगितलं होतं. हे नगर तर आपलंच आहे, नाव अहमदनगर म्हणा की अहिल्यानगर. त्याचं हित पाहायचं तर कर भरावा लागतो, आणि कधी कधी ‘हे चुकतंय’ असंही म्हणावं लागतं. पुढच्या २६ जानेवारीला तेरावा अध्याय जरूर वाचा. सोबत सोळावाही वाचा, इतकंच मागणं. थांबतो. आता प्रश्न घेऊ.