अतिमानव आणि वधाचा अधिकार

२०१३ सालीं प्रदर्शित झालेल्या 'मॅन ऑफ स्टील' ह्या अमेरिकन चित्रपटाच्या शेवटीं एक प्रसंग आहे. झॉड नांवाचा परग्रहावरील सेनापति एका रेल्वे-स्टेशनांत सुपरमॅनच्या हातीं सांपडला आहे. परंतु त्याच्या डोळ्यांतून निघणारा अग्निकिरण भिंतीच्या कोपऱ्यांत दडलेल्या एका कुटुंबाकडे हळूहळू सरकत आहे. सुपरमॅन त्यास थांबण्याची विनवणी करतो. तो ऐकत नाहीं. आणि सुपरमॅन त्याची मान मोडतो. ह्या एका क्षणावरून त्या वेळीं पुष्कळ वाद माजला. एका पक्षाचें म्हणणें असें कीं, जो कोणाचा जीव घेत नाहीं म्हणूनच नायक ठरला, त्याच्याकडून हें कृत्य करवून लेखकांनीं त्याचा घात केला. दुसरा पक्ष विचारतो कीं, निरपराध माणसें डोळ्यांदेखत जळून जात असतां त्यानें दुसरें करावें तरी काय? आमच्या मतें दोन्ही पक्षांनीं प्रश्न अर्धाच मांडला आहे. इंग्रजींत ज्यास सुपरहीरो म्हणतात, त्या अतिमानव नायकानें वध करावा कीं करूं नये, एवढ्यावर हा प्रश्न संपत नाहीं. त्या वधाचा भार चित्रपटानें कोणाच्या शिरावर ठेवला आणि तो कोठवर वाहिला, हेंही पाहिलें पाहिजे.

प्रथम एक गैरसमज दूर करणें अवश्य आहे. जीव न घेण्याचें व्रत हें अतिमानवाचें जन्मसिद्ध लक्षण होय, असें पुष्कळांस वाटतें. वस्तुस्थिति तशी नाहीं. १९३९ सालीं अमेरिकेंतील चित्रकथांच्या एका मासिकांत बॅटमॅन प्रथम अवतरला, त्या पहिल्याच कथेंत एक गुन्हेगार त्याच्या ठोशानें तेजाबाच्या हौदांत पडून मरतो, आणि बॅटमॅनला त्याचें यत्किंचितही दुःख होत नाहीं. पुढच्या वर्षीं तर तो विमानांतून मशीनगनही चालवितो. त्यानंतर मात्र संपादकांनीं बालवाचकांचा विचार करून, त्यानें कोणास ठार मारूं नये असा दंडक घातला. म्हणजे हें व्रत संपादकी सावधगिरींतून जन्मलें. परंतु उगम क्षुल्लक असला म्हणून एखाद्या गोष्टीचा अर्थ क्षुल्लक ठरत नाहीं. त्या दंडकांत, तो घालणाऱ्यांच्याही कदाचित् नकळत, एक खोल नीतितत्त्व येऊन बसलें.

तें तत्त्व असें. साध्या माणसास कायदा आत्मसंरक्षणाचा हक्क देतो तो त्याच्या दुर्बलतेकडे पाहून. आणि तेथेंही आवश्यकतेपेक्षां अधिक इजा करूं नये अशी मर्यादा घालतो. अंधारांत दरोडेखोराशीं झटणाऱ्या गृहस्थापाशीं बहुधा दुसरा उपाय नसतो. ज्याच्या अंगावर बंदुकीची गोळी बोथटते त्यास ही सबब सहसा उपलब्ध नाहीं. शक्ति जितकी अधिक, तितके जीव न घेतां संकट निवारण्याचे मार्गही अधिक. शिवाय पोलिसानें गोळी झाडली तर निदान चौकशी होऊं शकते. अतिमानवास कोणत्या न्यायालयानें बोलवावें, आणि तो न आल्यास त्यास कोणीं पकडून आणावें? ज्याच्यावर बाहेरचा अंकुश चालत नाहीं त्यानें आंतला अंकुश स्वीकारला पाहिजे, हेंच त्या व्रताचें मर्म. त्यास हळवेपणा म्हणणारे लोक, ती सत्तेनें स्वतःस घातलेली मर्यादा आहे हें विसरतात.

हें मर्म न ओळखतां व्रताची केवळ टरफलें सांभाळणारे चित्रपट थोडेथोडके नाहींत. त्यांची युक्ति ठराविक आहे. खलनायक मेला पाहिजे, कारण प्रेक्षकांस तें हवें असतें. परंतु नायकाच्या हातास रक्त लागतां कामा नये. मग खलनायक आपल्याच शस्त्रानें मरतो, किंवा उंचावरून पडतो. २००२ सालच्या 'स्पायडर-मॅन' ह्या चित्रपटांत ग्रीन गॉब्लिन आपलें उडतें यान पाठीमागून नायकावर सोडतो. नायक उडी मारून बाजूस होतो, आणि त्या यानाचीं पातीं गॉब्लिनच्याच शरीरांत घुसतात. २००५ सालच्या 'बॅटमॅन बिगिन्स'चें उदाहरण याहून बोधप्रद आहे. आरंभीं नायक एका कैद्याचा शिरच्छेद करण्याचें नाकारतो, आणि हा प्रसंग मोठ्या गांभीर्यानें रंगविला आहे. पण लगेच तो त्या मठास आग लावतो, आणि त्या आगींत व स्फोटांत तेथील माणसें मरतात. शेवटीं धांवत्या आगगाडींत आपल्या जुन्या गुरूस तो तसाच सोडून निघून जातो. गाडीचा पुढचा मार्ग त्याच्याच योजनेनें उद्ध्वस्त झालेला असतो. तरीही मारणें निराळें आणि न वांचविणें निराळें, असा भेद सांगून तो मोकळा होतो. हा भेद वकिलाच्या तोंडीं शोभेल. व्रतस्थाच्या तोंडीं शोभत नाहीं.

त्या मानानें 'मॅन ऑफ स्टील' अधिक प्रामाणिक आहे हें कबूल केलें पाहिजे. तेथें नायक स्वतःच्या हातांनीं मारतो आणि मारल्यावर आक्रोश करतो. परंतु त्याच्या समर्थनार्थ पुढें केली जाणारी अपरिहार्यतेची सबब आम्हांस मान्य नाहीं. प्रत्यक्ष आयुष्यांत प्रसंग मनुष्यावर येऊन पडतात. कथेंत ते लेखक आणून ठेवतो. तें स्टेशन लेखकानें निवडलें, त्या कोपऱ्यांत तें कुटुंब लेखकानें उभें केलें, आणि सुटकेच्या सर्व वाटा त्यानेंच एकेक करून बुजविल्या. म्हणून अपरिहार्यता ही नायकाची सबब होऊं शकेल, लेखकाची कधींच होऊं शकणार नाहीं. हा पेंच कशासाठीं रचला, असें लेखकास विचारण्याचा प्रेक्षकाला हक्क आहे. दिग्दर्शक झॅक स्नायडर व पटकथाकार डेव्हिड गॉयर यांच्याकडून त्याचें जें उत्तर आलें त्याचा आशय असा कीं, ह्या एका वधाच्या वेदनेंतूनच सुपरमॅनची पुढची जीव न घेण्याची निष्ठा उपजावी. उत्तर ऐकावयास चांगलें आहे. पण मग ती वेदना चित्रपटांत दिसावयास हवी होती. प्रत्यक्षांत, प्रेयसीच्या कुशींत क्षणभर डोकें टेकलें कीं लगेच पुढच्या प्रसंगांत नायक एका सेनाधिकाऱ्याशीं हलकाफुलका संवाद करीत आहे, आणि थोड्याच वेळांत वृत्तपत्राच्या कचेरींत नव्या नोकरीवर रुजू होत आहे.

शोकांतिकेची रीत निराळी असते. शेक्सपिअरच्या 'मॅक्बेथ' नाटकांत राजाचा खून दुसऱ्या अंकांतच होऊन जातो. उरलेले तीन अंक त्या खुनाचें ओझें वाहण्यांत खर्ची पडतात. महाभारतकारांनीं तर अठरा दिवसांचें युद्ध संपल्यावर स्त्रियांच्या विलापाचें स्त्रीपर्व मांडलें, आणि त्यापुढें विजयी युधिष्ठिराच्या शोकानें आरंभ होणारें शांतिपर्व, जें सर्व पर्वांत मोठें आहे. धर्मयुद्धांतील वध अवश्य मानूनही त्याचा हिशेब मिटविण्याची घाई व्यासांस झाली नाहीं. वध दाखविण्याचा अधिकार कलावंतास आहेच. पण तो मिळवावा लागतो, आणि वधानंतरच्या जागरणानेंच तो मिळतो.

आणखी एक गोष्ट. झॉडच्या एका मानेवरून एवढा वाद झाला. पण त्यापूर्वीं महानगरांतील उंचच उंच इमारती पत्त्यांच्या बंगल्याप्रमाणें कोसळत होत्या, त्यांखालीं गेलेल्या माणसांसाठीं त्या चित्रपटास आसवें नव्हतीं. ज्यास चेहरा आहे त्याचेंच मरण मरण, बाकीच्यांचें मरण केवळ देखावा, ही शिकवण एका वधाहून अधिक घातक होय. नंतरच्या चित्रपटकर्त्यांस ही बोच लागलेली दिसते. २०१६ सालच्या 'बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन'मध्यें आरंभीं तोच विध्वंस रस्त्यावरील माणसाच्या डोळ्यांनीं दाखविला आहे. परंतु त्या विध्वंसानें संतापलेला बॅटमॅन पुढें स्वतःच गुन्हेगारांस बेदिक्कत ठार करतो, आणि त्या मृतांकडे कोणी वळूनही पाहत नाहीं. त्याच वर्षींच्या 'कॅप्टन अमेरिका: सिव्हिल वॉर'मध्यें एक माता टोनी स्टार्क यास गांठून आपल्या मृत मुलाचें छायाचित्र त्याच्यापुढें धरते, आणि अतिमानवांवर राष्ट्रांचा अंकुश असावा कीं नाहीं हा प्रश्न उभा राहतो. प्रश्न योग्य होता; पण अखेरीस तो मित्रांच्या भांडणांत विरघळला.

आम्हांस खरें समाधान दिलें तें २०२१ सालच्या 'स्पायडर-मॅन: नो वे होम'नें. येथें तोच ग्रीन गॉब्लिन परत आला आहे, आणि त्यानें तरुण पीटरच्या काकूचा जीव घेतला आहे. सूडानें पेटलेला पीटर त्यास तुडवितो, आणि शेवटीं त्याचेंच तें उडतें यान उचलून त्याच्या छातींत खुपसावयास निघतो. तेव्हां मध्यें येऊन उभा राहतो तो २००२ सालच्या चित्रपटांतील पीटर, आतां वयानें वाढलेला. ह्याच गॉब्लिनला ह्याच शस्त्रानें मरतांना त्यानें पाहिलें आहे. तो एक शब्दही बोलत नाहीं. तरुणाचे हात सैल होतात. त्याच क्षणीं गॉब्लिन त्या वडील पीटरच्या पाठींत शस्त्र खुपसतो, आणि तरीही तरुण पीटर त्या गॉब्लिनला मारीत नाहीं. त्याचें क्रौर्य उतरविणारें औषध टोंचतो. दयेची किंमत द्यावी लागते हें ह्या चित्रपटानें लपविलें नाहीं. पूर्वीं बाजूस होऊन जो निर्दोष राहिला, तोच आतां बाजूस न होतां मध्यें उभा राहतो. चित्रपटांत दोष आहेत. जुन्या आठवणींवर तो वाजवीपेक्षां अधिक विसंबतो, आणि विनोदाची खोगीरभरतीही आहे. तथापि व्रताचें मर्म त्यास कळलें आहे.

कोणी म्हणेल, हीं तर मुलांचीं खेळणीं. त्यांवर एवढी चर्चा कशाला? २०२५ सालच्या 'सुपरमॅन' चित्रपटांत नायक धुमश्चक्रींत सांपडलेल्या एका खारीलाही वांचवितो. त्याच चित्रपटांत हॉकगर्ल नांवाची वीरांगना एका जुलमी राष्ट्राध्यक्षास आकाशांत उंच नेते, आपण सुपरमॅन नाहीं असें त्यास बजावते, आणि खालीं सोडून देते. आम्ही हा चित्रपट पाहिला तेव्हां खारीच्या सुटकेवर लोक हंसले, आणि राष्ट्राध्यक्षाच्या पडण्यावर टाळ्या पडल्या. टाळ्या देणाऱ्यांत शाळकरी मुलें होतीं, तसे त्यांचे वडीलही होते. तो आवाज आमच्या ओळखीचा आहे. चकमकींत संशयित मारला गेल्याची बातमी आली म्हणजे, न्यायालयांत वर्षानुवर्षें घालविण्यापेक्षां हें बरें झालें, असें म्हणणारे गृहस्थ आम्हीं सुशिक्षित घरांच्या दिवाणखान्यांत ऐकले आहेत. चित्रपटानें तें मत उत्पन्न केलें असें आम्ही म्हणत नाहीं; पण त्या मताला देखणा वेष आणि स्वच्छ हात पुरविण्याचें काम तो करतो, आणि तेंही अशा वयांत, जेव्हां वेषावरून माणूस ओळखण्याची संवय लागत असते.

मुलांस हे चित्रपट दाखवूं नयेत असा आमचा आग्रह मुळींच नाहीं. खुशाल दाखवावे, आणि आपणही शेजारीं बसून पाहावे. मात्र घरीं परततांना एक प्रश्न त्यांस अवश्य विचारावा: जो मेला तो कोणाच्या हातून मेला, आणि त्या रात्रीं नायकास झोंप लागली का?